चाचांकडचं माप

मी पोट लहान करायचं ऑपरेशन करून मूल गावी परतल्यापासून आमचे टेलरचाचा दर महिन्याला माझी पँट आत घेत. टेप लावताना श्वास मी नाही, तेच रोखून धरत. एकदा त्यांच्या दुकानात मी, ऑपरेशननंतर गोड वर्ज्य असूनही, हावरटासारखा पेढा खाल्ला आणि घाम, धडधड, उलटी होऊन शिलाई मशीनपाशीच आडवा झालो.

ईदला त्यांच्या भरल्या बैठकीत माझ्या हाती शीरखुर्म्याची वाटी आली. सगळे बघत होते. नाही म्हणायची लाज वाटली, म्हणून चमचा उचलला.

चाचांनी वाटी ओढून स्वतःच संपवली.

"काऊन चाचा, पाहुण्याची वाटी हिसकून राह्यले?" कुणीतरी चिडलं.

"भाऊच्या पोटाचं नाप माह्याजवळ हाय."

मग आतून माझ्यासाठी मिठाची पेज आली. ती त्यांनी सकाळीच शिजवायला सांगितली होती.