कुरवाकडं चल

माझा म्हातारा होडीत जाळ्यांवर आडवा पडला होता. हात छातीवर, कपाळावर घाम, तोही जानेवारीतल्या सकाळी. चारी अंगांनी धुई. वल्ह्याचं पातंसुद्धा नीट दिसत नव्हतं. किनारा कुठल्या बाजूला आहे ते मला कळत नव्हतं, आणि किनारा गाठल्याशिवाय दवाखाना नव्हता.

“कुरवाकडं चल,” म्हातारा म्हणाला.

“कुठं?”

“कुरव वरडतेत तिकडं. किनारा तिथंच.”

दोन बाजूंनी पाखरांचे आवाज येत होते. डावीकडून घोगरा, भांडखोर, घसा बसलेली बाई नळावर भांडते तसा. उजवीकडून बारीक आणि टोकदार, किक् किक् असा. एक कुरवाचा होता आणि एक सुरयाचा. कोणता कोणाचा ते मला माहीत नव्हतं. सगळा संसार त्या पाण्यावर केला आणि एवढं माहीत नव्हतं.

“अवो, कोणता आवाज? डावा का उजवा?”

त्यानं तोंड उघडलं. शब्द आला नाही.

मी उजवीकडं वल्हं मारलं.

उजवीकडंच का, तेही सांगते. कुरव म्हटलं की मला कुरवाळणं आठवायचं. मला वाटलं, असं नाव ज्या पाखराचं, त्याचा आवाज बारीक, नाजूक असणार. घोगऱ्या आवाजाच्या पाखराला असं लाडाचं नाव कोण ठेवील? एवढाच विचार केला. जास्त विचाराला वेळ नव्हता.

आम्ही पैठणच्या धरणावर मासे धरणारी माणसं. म्हातारा पहाटे जाळी उचलायचा, मी वल्हं धरायची. हिवाळ्यात पाखरं मोजणारे लोक यायचे, त्यांना तो होडीतून फिरवायचा. त्यांच्यात सिल्लोडचे एक मास्तर होते, मुसलमान, मराठी शाळेत शिकवून निवृत्त झालेले. त्यांच्या नादानं म्हातारा पाखरं ओळखायला शिकला. मग घरी येऊन मला शिकवायचा. मी शिकले नाही. मला मासे साफ करायचे असायचे.

“पांढरं ते पांढरं,” मी म्हणायची. “मला काय त्याच्यासंगं सोयरीक करायची हाय?”

“अगं, बघ तरी. सुरयाची शेपटी कातरीवाणी दुभंगलेली. कुरवाची सरळ, पंख्यावाणी. सुरय वरून सूर मारून मासा धरतो. कुरव पाण्यावर बसतो, तुझ्या माशाची आतडी खातो.”

“खरकटं खातो म्हना की. तुमच्या घरान्यातला दिसतो.”

तो हसायचा. राग त्याला लवकर यायचा नाही, त्याचाच मला राग यायचा. एकदा त्यानं लांबचा पक्षी दाखवला आणि म्हणाला, हा तपकिरी डोक्याचा कुरव. मी बघितलं तर डोकं पांढरंफेक.

“नाव कुनी ठेवलं, आंधळ्यानं?”

“थंडीत पांढरंच ऱ्हातं. डोळ्यामागं बघ, लेकराला तीट लावल्यागत काळा डाग हाय. परत जायच्या टायमाला डोकं रंगतंय.”

“मंग तुमी बी लावा मेंदी अन् जावा त्याच्यासंगं.”

असलं मी लई बोलले. तेव्हा ते गंमत म्हणून होतं.

उजवीकडं मी जोरात वल्हवत गेले. म्हातारा मागं होता, माझी पाठ त्याच्याकडं. मी मागं न बघता बोलत होते. “आलो, बरं का. आलोच.” किक् किक् जवळ आलं. होडीचं नाक दगडाला घासलं. पाण्यातून उघडं पडलेलं खडकाचं बेट होतं ते. माणूस नाही, रस्ता नाही. माझ्या डोक्यावरून पाखरं उठली, आणि इतक्या जवळून उठली की शेपट्या दिसल्या. कातरीवाणी दुभंगलेल्या.

ते सुरय होते. तेव्हा मला कळलं, आणि मग काही विचारायचं उरलं नाही. होडी वळवली आणि घोगऱ्या आवाजाकडं निघाले. किती वेळ गेला ते सांगता येत नाही. वेळ मोजायला बसले नव्हते. बोलणं मात्र बंद केलं, दम वल्ह्यासाठी ठेवला. म्हातारा कधी गेला ते मी बघितलं नाही. माझी पाठ होती.

किनाऱ्यावर बायका मासे साफ करत होत्या आणि कुरव त्यांच्या डोक्यावर कालवा करत होते. तिथल्या दोघा गड्यांनी म्हाताऱ्याला उचललं. दवाखान्यात डॉक्टरनी तपासलं आणि संपलंय म्हणून सांगितलं.

मी विचारलं, “बेटाकडं गेले नसते, सरळ आणलं असतं, तर?”

“सांगता येत नाही, मावशी.”

खोटं बोलून माझी समजूत काढली नाही, हे बरं केलं.

तेराव्याला मास्तर आले. जेवायला बसले नाहीत, ओट्यावर बसले. मी त्यांना विचारलं, कुरव म्हंजे काय हो? नाव कशावरून पडलं? त्यांना वाटलं, बाईला नवऱ्याची आठवण आली. ते शिकवायच्या सुरात म्हणाले, “भाभी, कु म्हंजे वाईट. रव म्हंजे आवाज. वाईट आवाजाचा तो कुरव. मी मुलांना असंच सांगायचो, म्हंजे पोरं विसरत नाहीत.”

मग मी त्यांना सगळं सांगितलं. डावं, उजवं, कुरवाळणं. मास्तरांनी चष्मा काढला.

“अल्ला की मर्जी, भाभी.”

“मर्जी कुनाची नाय, मास्तर. वल्हं माझ्या हातात होतं.”

जाताना त्यांनी पिशवीतून पक्ष्यांच्या चित्रांचा एक कागद काढून ओट्यावर ठेवला. मी चौथी शिकलेली. अक्षर लावून लावून वाचते, पण वाचते.

होडी विकली. लेकीनं मला शहरात, उस्मानपुऱ्यात तिच्या घरी आणलं. ती आणि जावई सकाळी कामाला जातात, दिवेलागणीला येतात. तिसऱ्या मजल्यावर मी एकटी. खाली रिक्षा, दुकानं, लग्नाचे बँड, पण त्यातला एकही आवाज माझ्यासाठी नसतो. लेक म्हणते, आई, दिवसभर कुणाशी बोलत नाहीस. मी म्हणते, कुणाशी बोलू, फ्रिजशी?

तो कागद मी पाठ केला. हिवाळ्यात आठवड्यातून एकदा बस धरते आणि धरणावर जाते. मास्तर त्यांच्या सवडीनं येतात. त्यांच्या दुर्बिणीतून बघते.

“हा कोणता, भाभी?”

“काळ्या डोक्याचा.”

“गलत. परत बघा. पंख उघडू द्या.”

पंख उघडले की कळतं. तपकिरी डोक्याच्या कुरवाचं पंखाचं टोक काळं, आणि त्या काळ्यात पांढरे ठिपके, आरसे लावल्यासारखे. डोळाही फिकट, मेलेल्या माशासारखा. काळ्या डोक्याचा अंगानं बारीक, त्याच्या पंखाची पुढची कड टोकापर्यंत पांढरी. थंडीत दोघांचंही डोकं पांढरं आणि दोघांनाही ती तीट. तिसरा मोठा कुरव, घारीएवढा, पिवळ्या चोचीच्या टोकाशी काळा पट्टा. तो आला की बाकीचे सरकून जागा देतात. शेपटीच्या टोकाला काळी पट्टी असलेलं दिसलं तर ते लहान आहे, अजून मोठं व्हायचंय. बारक्या कुरवांना मोठं व्हायला दोन वर्षं लागतात, मोठ्या कुरवाला चार.

तपकिरी डोक्याचे कुरव लडाखकडच्या आणि त्याच्या पलीकडच्या उंच तळ्यांवर अंडी घालतात. तिकडं पाणी गोठायला लागलं की इकडं येतात. फेब्रुवारी सरता सरता त्यांची डोकी रंगायला लागतात, एकेकाचं अर्धंच रंगलेलं, मेंदी धुवायची राहिल्यासारखं. उन्हं तापली की एक दिवस जागा रिकामी असते. म्हातारा बरोबर सांगत होता. सगळंच बरोबर सांगत होता.

काठावर बसले की सगळे वाऱ्याकडं तोंड करून बसतात. शेकडो असले तरी एकमेकाला चिकटत नाहीत. चोच पोचणार नाही एवढं अंतर ठेवतात. कुणी जवळ आलंच तर टोचतात. थवा म्हणायचा, पण प्रत्येकाची जागा वेगळी. मला ते बघायला आवडतं असं नाही. बघत बसते.

मागच्या हिवाळ्यात पुन्हा तशीच धुई पडली. मी किनाऱ्यावर उभी होते, पाणी दिसत नव्हतं. मास्तर शेजारी. मी डोळे मिटले आणि बोट करून सांगितलं, “हिकडं सुरय. लांब, बेटावर. अन् हे डोक्यावर कुरव. त्याच्यात एक मोठा हाय, जाड आवाजाचा.”

मास्तरांनी जरा वेळ कान दिला. “बरोबर, भाभी. आता तुमीच मला शिकवा.”

धुईतून एक होडी जवळ आली. आत नवरा-बायको, नवीन लग्नाचे. वल्हं बाईच्या हातात. होडी लागली तशी मी तिला विचारलं, “धुईत किनारा कसा वळखला गं?”

“हे वळखतेत,” तिनं नवऱ्याकडं हनुवटी केली. “मला काय त्याचं?”

“त्यो आडवा पडला तर?”

“आज्जे, सकाळी सकाळी काय वंगाळ बोलती?”

“वरती आयक. ह्यो घोगरा आवाज. ह्याला कुरव म्हंत्यात. त्याच्याकडं यायचं. बारीक आवाजाकडं जायचं नाय, तिथं नुसता खडक हाय. म्हन बरं, कोनाकडं यायचं?”

ती नवऱ्याकडं बघून हसली. “आज्जीला पाखरांचं याड लागलंय.” तोही हसला. मी हलले नाही. होडीची दोरी माझ्या पायाखाली होती, ती काढल्याशिवाय त्यांना होडी बांधता येत नव्हती.

“म्हन.”

“कुरवाकडं, बाई, कुरवाकडं. झालं?”

मी पाय काढला.

ती कान देईल का नाही, मला माहीत नाही. मीही हसले होते. आमच्या होडीत दोघं होतो. पाखरांची नावं माहीत असलेला गेला. मी वाचले.