मागे वळून बघणारे तांडेलमामू

तांडेलमामू सकाळी टमरेल घेऊन तंबूतून निघाले तरी वीस पावलांवर थांबायचे, सावकाश मागे वळायचे आणि तंबूकडे नीट बघून घ्यायचे. मग पुढे. आम्ही हसायचो. "मामू, एवढ्या जवळच जाताय, हरवणार आहात का?" असं मी एकदा विचारलं, तर टमरेल खाली ठेवून म्हणाले, "बाबू, जायची वाट सगळ्यांनाच येते. परतीची वाट दिसायला वेगळी असते. निघताना मागं बघतो तोच परत येतो."

ही गोष्ट साठ सालानंतरची. अमिरात वगैरे अजून झालं नव्हतं. दुबईत खाडीच्या दोन बाजूंना थोडी घरं, बाकी वाळू, आणि आपलाच रुपया चालायचा. मी श्रीवर्धनकडचा, नुकता ड्राफ्ट्समनचं सर्टिफिकेट घेऊन बोटीच्या डेकवरून आलेला. उत्तरेकडे रास अल खैमाच्या डोंगरांचा नकाशा करायचं काम एका कंपनीकडे होतं, त्यात मी चिकटलो. मामू हर्णैच्या बाजूचे. आयुष्यभर गलबतावर तांडेल, म्हणजे गलबताचा मुख्य माणूस. आता उतारवयात आमच्या कॅम्पवर स्वयंपाक करायचे आणि दोरांची गाठोडी सांभाळायचे. समुद्रावरच्या माणसाला डोंगरावर कुणी नेमलं, असं मला सुरुवातीला वाटलं होतं. पण मामूंनी बांधलेली गाठ गाढवाने ओढली, पावसाने भिजवली, तरी सुटायची नाही आणि त्यांनी एक टोक ओढलं की क्षणात मोकळी. कंपनीचा साहेबसुद्धा बघत राहायचा.

त्यांची दुसरी खोड म्हणजे जोडीजोडीने खुणा धरायच्या. कुठेही गेलो की डोळे बारीक करून पुटपुटायचे, "तो नाकाडा दगड, त्याच्या पाठी ती खिंड. बरोबर." एकदा दुपारी सुके बांगडे भाजता भाजता त्यांनी मला ते समजावलं. खाडीच्या तोंडाशी पाण्याखाली खडक असतात. आत शिरायचं तर किनाऱ्यावरच्या दोन निशाण्या एका ओळीत आल्या पाहिजेत. त्यांच्या बंदरात दर्ग्याचा घुमट आणि त्यामागचे जोडमाड.

"आणि एकच दिसली तर?"

मामूंनी बांगडा परतला. "तर थांबायचं. मी थांबलो नाय. धुकं होतं, घुमट दिसत होता, माड दिसत नव्हते. शेठ गलबतावर होता, घाई करत होता. चल म्हणाला, मी गेलो. गलबत गेलं, आणि माझा धाकटा भाऊ गेला." तो बांगडा माझ्या ताटात टाकून म्हणाले, "खा, गरम आहे तोवर."

हे त्यांनी मला विश्वासाने सांगितलं होतं. त्या विश्वासाचं मी काय केलं तेच सांगायला बसलोय.

त्या हिवाळ्यात एक शिखर उरलं होतं. त्याच्या माथ्यावर दगड रचून वर निशाण लावायचं, म्हणजे खालून दुर्बिणीच्या यंत्राने ते टिपता येतं. साहेब इंग्रज, पूर्वी हिंदुस्थानात राहिलेला, मोडकी हिंदी बोलायचा. मला म्हणाला, "आज झंडा लगाओ, तुम पक्का." पक्का म्हणजे कायम. माझी नोकरी तेव्हा महिन्या-महिन्याची होती. घरी अम्मी आणि दोन बहिणी माझ्या मनीऑर्डरीवर. मला तर पाय जमिनीवर ठेववेनात.

डोंगरातला वाटाड्या शेवटच्या घरांपाशी गाढवं घेऊन थांबला. आभाळाकडे बोट दाखवून त्याने मान हलवली. आम्ही तिघं वर निघालो. पुढे साहेब, मध्ये मी, मागे दोर खांद्यावर घेऊन मामू. वाट अशी नव्हतीच. दगडाला धरून चढायचं, कपारीत पाय रोवायचा, पोटावर सरकायचं. एकसारख्या दिसणाऱ्या घळी, आणि त्यातल्या बऱ्याचशा खाली जाऊन सरळ कड्यावर संपणाऱ्या. म्हणून मी हुशारी केली होती. चुन्याची पिशवी, पाण्याची बाटली आणि कुंचा घेतला होता. दर वळणावर दगडावर पांढरा फराटा ओढत होतो. साहेबाने पाठ थोपटली. मामू मात्र दर थोड्या वेळाने थांबून मागे बघत होते, त्यामुळे आमचा वेळ जात होता आणि मी मनातून चडफडत होतो.

शेवटचा चढ उरला तेव्हा वारा एकदम पडला. गारठा असा की बोटं वाकेनात. मामू दगडावर बसले. "बस, बाबू. आता खलास. साहेबाला सांग, उद्या येऊ. हवा बरी नाय."

साहेबाने माझ्याकडे बघितलं. "तुम क्या बोलता?"

मी काय बोलणार? माझं 'पक्का' तिथे शे-दीडशे हात वर होतं. मी म्हणालो, "साब, रास्ते पे चूने का निशान लगाया है. कोई डर नहीं." आणि मग मामूंकडे वळून, मराठीत, साहेबाला कळू नये म्हणून, "मामू, हे तुमचं गलबत नाही. ते तुम्ही बुडवलंत. भीती वाटत असेल तर बसा इथेच."

शब्द तोंडातून गेला आणि माझं मलाच कानफटात बसल्यासारखं झालं. मामू उठले. टोपी सारखी केली, दोर उचलला. "तुम्ही वर जाणार, तर खाली आणणार कोण?" एवढंच म्हणाले. "यल्ला. चला."

आम्ही माथा गाठला. दगड रचले, काठी रोवली, तांबडं फडकं बांधलं. साहेब हसला, मी हसलो. आणि गारा सुरू झाल्या. आधी हरभऱ्याएवढ्या, टपाटप. एका कपारीखाली आम्ही तिघं डोकं लपवून बसलो. मग गारा थांबल्या आणि आवाजच बंद झाला. वरून पांढरं, हलकं, सावकाश काहीतरी उतरू लागलं. मामूंनी हात पुढे केला. "हे काय, मीठ?" जिभेला लावून बघितलं. "मीठ नाय. पाणीच आहे की, या अल्ला!" एवढा मोठा माणूस, पण क्षणभर लहान मुलासारखा हसला. अरबस्तानात बर्फ! मीही हसलो. जन्मात पाहिलं नव्हतं.

तासाभराने ढग फाटले. आम्ही कपारीतून बाहेर आलो. सगळा डोंगर पांढरा. आता शोधा माझे चुन्याचे फराटे!

मी वेड्यासारखा एकेक दगड हाताने पुसत सुटलो. खाली बर्फ, वर बर्फ. एका घळीत शिरलो, पाय घसरला, आणि मागून मामूंनी कॉलर धरून खेचलं. समोर चार हातांवर कडा होता. साहेब पांढराफटक. दिवस मावळायच्या आत उतरलो नसतो तर पातळ कोटांत आम्ही गारठून मेलो असतो. तिघांनाही ते माहीत होतं.

मामूंनी आमच्या कमरांना दोर बांधला. मग उभे राहून दूरवर बघत राहिले. "तो नाकाडा. आणि खिंड..." डावीकडे दहा पावलं सरकले. "आता आली पाठीमागं. इथून खाली." रंग गेला होता, आकार होते. प्रत्येक वळणावर ते थांबायचे, जोडी जुळेपर्यंत हलायचे नाहीत. मी रडकुंडीला येऊन म्हणायचो, "मामू, अंधार पडेल." ते म्हणायचे, "पडू दे. एकच दिसते आहे अजून." एका ठिकाणी तर अर्धा तास ढग हटायची वाट बघत उभं केलं. साहेब निमूटपणे उभा राहिला. शेवटी गाढवांच्या घंटा ऐकू आल्या तेव्हा मी मटकन खाली बसलो आणि हमसाहमशी रडलो. मामू माझे पाय चोळत बसले. "चुना मीही लावला असता, बाबू. इथे बर्फ पडेल असं कुणाच्या बापाला वाटलं होतं?"

त्या वेळी मी माफी मागायला हवी होती. मागितली नाही. साहेब समोर होता, मग चहा आला, मग उद्या सांगू असं वाटलं. आठवड्याने मी पक्का झालो. मामूंनी त्या वाक्याचा उल्लेख कधी केला नाही, आणि त्यामुळे तर ते जास्तच टोचायचं. ताटात बांगड्याचा मोठा तुकडा मात्र पूर्वीसारखाच माझ्याकडे यायचा.

उन्हाळा आला आणि मामूंनी रजा घेतली. "गुडघे दुखतात. सहा महिन्यांत येतो, इन्शाल्ला." मी त्यांना पोचवायला दुबईला गेलो. बोट बाहेर समुद्रात उभी; खाडीतून लाँचने जायचं. वाटेत दहादा तोंड उघडलं आणि मिटलं. शेवटी मनाशी ठरवलं, मामू निघताना मागे बघतात. वीस पावलांवर वळतील, तेव्हा सगळ्यांसमोर कान धरीन. त्यांना बरोबर कळेल.

त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला, ट्रंक उचलली आणि निघाले. मी पावलं मोजत होतो. वीस झाली. पंचवीस झाली. मामू लाँचमध्ये उतरले, समुद्राकडे तोंड करून बसले. हाक अगदी ओठांवर आली होती. पण निघालेल्या माणसाला मागून हाक मारू नये, अपशकुन होतो, असं अम्मीने लहानपणापासून शिकवलेलं. आणि या माणसाचा एक प्रवास आधीच बुडाला होता. मी हाक गिळली.

लाँच वळणाआड गेली. मामूंनी एकदाही मागे बघितलं नाही. ते परत येणार नाहीत हे मला तिथेच, त्याच वेळी कळलं.

मग मीही निघालो. वीस पावलांवर थांबलो, सावकाश वळलो आणि नीट बघून घेतलं. खाडीत नुसतं पाणी होतं.