बंद घरातली भांडी

बैल जागचे हलेनात. कळमनुरीत रशीदभाईंच्या मोबाइलच्या दुकानात, त्यांच्याकडच्या एका स्वस्तातल्या फोनवर मी माझा गेम लावला होता. गेम शंकरपटाचा, म्हणजे बैलांच्या शर्यतीचा. झेंडी पडली, बैलांनी पाय उचलला आणि तो तसाच हवेत राहिला.

“भाई, ये बैल सोच रहे क्या?” रशीदभाईंनी विचारलं.

मी फोनला नावं ठेवली. माझ्या कॉम्प्युटरवर हेच बैल तुफान पळायचे. पण पुण्याच्या पब्लिशर मॅडमनी स्पष्ट सांगितलं होतं, “साध्या फोनवर चालला तरच करार. शुक्रवारी बघू.” मी नोकरी सोडून या एका गेमवर बसलो होतो. करार हुकला तर गेम गुंडाळून पुन्हा नोकरी शोधायची, हे घरात ठरलेलं होतं.

तोच फोन मागून घरी आणला आणि मी कुऱ्हाडच चालवली. गेम इंजिन म्हणजे तयार सांगाडा. चित्रं, आवाज, हालचाल आपण त्याच्यावर चढवायची. मी चढवलेलं उतरवत सुटलो. झाडं गेली, धूळ गेली, बघे गेले. बैलांच्या शेपट्यासुद्धा गेल्या. पाय हवेतच.

शेवटी नाइलाजाने प्रोफायलर उघडला. गेमचा कुठला भाग किती वेळ खातो ते दाखवणारं हे टूल. दुसऱ्यांना मी ते मोठ्या तोऱ्यात शिकवतो. स्वतः वापरायला मात्र कमीपणा वाटतो.

त्याने बोट दाखवलं ते स्वयंपाकघराकडे. शर्यतीच्या कडेला मी एक घर बांधलं होतं. आत मांडणीवर स्टीलचे डबे, ताटं, तांबे. प्रत्येक भांड्यात शेजारचं भांडं दिसावं म्हणून मी रिफ्लेक्शन लावलेलं, आणि बिचारा फोन ती प्रतिबिंबं क्षणोक्षणी नव्याने काढत बसला होता. त्यात घराचं दार बंद. खेळणाऱ्याला आत जाताच येत नव्हतं.

माझी बायको सुजाता मागे येऊन उभी राहिली. “हे काय?”

“भांडी.”

“अन् दार बंद?”

“व्हय.”

“घरची एक वाटी कधी इसळली न्हाई तुमी. इथं काहून येवढी चमकवून राहिले?”

भांडी काढताना खरंच वाईट वाटलं. एकेका तांब्याचा काठ हौसेने घडवला होता. पण भांडी गेली आणि बैल सुटले. झाडं, धूळ, बघे मी घाईघाईने परत लावले.

शुक्रवारी मॅडमनी व्हिडिओ कॉल लावून, त्यांच्याकडच्या एका साध्या फोनवर अख्खी शर्यत खेळून बघितली.

“छान पळतो. करार पाठवते,” त्या म्हणाल्या. “पण बैलांना शेपट्या का नाहीत?”

“पळायला हलकं पडतं, मॅडम.”

“लावा.”

“लावतो.”

आता गेम अडखळला की मी आधी प्रोफायलर उघडतो, कुऱ्हाड नंतर. घरची भांडीही मीच घासतो. तिथे प्रतिबिंब फुकट पडतं.