दसऱ्याचं अपडेट आणि पुलाचा उतार

“काकू, गाडी थांबत नाहीये!”

पुलाच्या उतारावर शुभांगी ओरडली, तेव्हा समोर सिग्नलला मुलांनी भरलेली शाळेची रिक्षा उभी होती. शुभांगीने अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय उचललेला आणि गाडी आपली धावतेच आहे.

“ब्रेक! ब्रेक दाब!”

तिचा पाय तसाच हवेत. माझ्या ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीत माझ्या पायाशीसुद्धा ब्रेक असतो. पण ही तिची स्वतःची इलेक्ट्रिक गाडी. मी मधलं हँडब्रेकचं बटण ओढलं आणि ओढूनच धरलं. गाडी गचके देत थांबली. रिक्षातली मुलं मागे वळून आम्हाला टाटा करत होती.

मागच्या सीटवरून आप्पा, म्हणजे शुभांगीचे सासरे, म्हणाले, “सूनबाई, हॉस्पिटलला चाललोच आहोत, तर दाखल करूनच परत जाणार का?”

तिला रडू फुटलं.

तिचा नवरा कामासाठी परदेशी गेलेला. आप्पांचं डायलिसिस चालू. मंगळवारपासून त्यांना विश्रांतवाडीहून हॉस्पिटलला तिनेच न्यायचं ठरलेलं. मला बोलावलं होतं ते रस्त्याची सवय करून द्यायला; आजची फेरी नुसती सरावाची. आणि आता ती म्हणत होती, “मी पुन्हा स्टिअरिंगला हात लावणार नाही.”

गाडी मी चालवत एका मोकळ्या मैदानावर नेली. कालपर्यंत नीट चालणारी गाडी आज अशी का वागावी?

आता हे जरा समजून घ्या हं. इलेक्ट्रिक गाडीत अ‍ॅक्सिलरेटर सोडला की मोटरच गाडीला मागे धरते, वर बॅटरीही थोडी चार्ज करते. त्याला रीजन म्हणतात. ते स्क्रीनवर कमी-जास्त करता येतं. शुभांगीच्या नवऱ्याने ते जास्तीत जास्त ठेवून तिला शिकवलेलं. पाय उचलला की गाडी थांबते, एवढंच तिला ठाऊक. ब्रेकशी तिची ओळख नावापुरतीच.

स्क्रीन उघडली, तर रीजन अगदी खाली.

“याला हात कोणी लावला?”

“कोणी नाही,” आप्पा म्हणाले. मग हळूच, “काल दसरा होता. गाडीला हार घातला, नारळ फोडला. स्क्रीनवर ते अपडेट बरेच दिवस वाट बघत होतं. म्हटलं, दसऱ्याला काहीतरी नवीन घ्यावं. मुहूर्तावर बटण दाबलं.”

“अहो आप्पा, सोनं घ्यायचं असतं!”

“हे फुकट होतं.”

मी सर्व्हिस सेंटरला फोन लावला.

“मॅडम, अपडेटनंतर काही सेटिंग्ज डीफॉल्टला, म्हणजे कंपनीने ठरवलेल्या मूळ ठिकाणी जातात. स्क्रीनवर माहिती येते.”

“इंग्रजीत, बारीक अक्षरात?”

“हो. पण अपडेट चांगलं आहे. मागचा कॅमेरा मध्येच बंद पडायचा ना? ते दुरुस्त झालंय. वर्कशॉपला यायचीसुद्धा गरज नाही.”

रिव्हर्स टाकून बघितलं. कॅमेरा खरंच लख्ख! आधी एवढ्याशा कामासाठी गाडी दिवसभर अडकून पडायची. म्हणजे फायदा होता, नाही कोण म्हणतं? पण कॅमेरा सुधारताना गाडीने थांबायची पद्धत बदलली आणि चालवणारीला पत्ताच नाही.

“रीजन परत वर करून द्या ना, काकू,” शुभांगी म्हणाली.

“देईन. पण आज नाही. आज ब्रेक शिकायचा.”

तिने माझ्याकडे असं पाहिलं, की विचारू नका. आप्पा उतरून एका दगडावर बसले. “मी इथूनच बघतो. जीव प्यारा आहे.” ऊन चढेपर्यंत तिला गोल गोल फिरवलं. पाय उचल, ब्रेकवर ठेव, दाब. शेवटी आप्पा आपणहून उठून मागे बसले. बेल्ट मात्र दोनदा ओढून पाहिला. त्याच पुलावरून आम्ही परत आलो. उतारावर मी बटणावर हात ठेवून बसले होते. ओढावं लागलं नाही.

मंगळवारी ती त्यांना घेऊन गेली. मी घरीच होते, फोनजवळ. आप्पांचाच फोन आला, “पोचलो. दाखल न होता.”

पाडव्याला पुन्हा आला. “बाई, नवीन अपडेट आलंय. मुहूर्त तुम्ही सांगा.”

म्हटलं, “डायलिसिस नसेल तो दिवस. आणि दाबल्यावर आधी मैदानात चक्कर.”

हल्ली कोणी स्वतःची गाडी घेऊन शिकायला आलं, की आरसे आणि सीट नंतर. आधी विचारते, “रात्री गाडी काही नवीन शिकली का?”