ओळ क्रमांक चार

शेजारच्या बटणला गाणी चोरल्याबद्दल अटक झाली, ही बातमी जिन्यात मीच पसरवली. खरं इतकंच होतं, की पोस्टमनने सही घेऊन त्याच्या हातात एक जाड पाकीट ठेवलं आणि ते वाचताना त्याचा चेहरा पडला. अटक मी पदरची घातली.

बटण पन्नाशीचा. लोकांचे कॉम्प्युटर दुरुस्त करतो. कुणी काहीही तक्रार सांगितली की "कुठलं बटण दाबलंत?" हा त्याचा पहिला प्रश्न, म्हणून हे नाव. फावल्या वेळात त्याने गाणी वाजवायचं सॉफ्टवेअर बनवलं आणि फुकट वाटलं. गाणं वाजतं आणि खाली त्याचे शब्द ओळीओळीने उजळतात. केलं ते थोरल्या बहिणीसाठी. कान अधू झाल्यापासून अक्काला ताल कळतो, चाल कळते, शब्द मात्र विरघळल्यासारखे होतात. पडद्यावर वाचत ती मोठ्याने गायची. आमच्या भिंतीलासुद्धा पाठ झालं होतं.

पाकिटात गाण्यांचे हक्क असलेल्या कंपनीने लिहिलं होतं: शब्द दाखवायचे तर परवाना घ्या. वर्षाची फी त्याच्या दुकानाच्या भाड्याहून जास्त.

"एकट्या अक्कापुरता द्या हो," त्याने फोनवर गळ घातली. पण परवाना म्हणे दहा हजार श्रोत्यांच्या खाली मिळतच नाही. मग स्वारी थेट एका म्हाताऱ्या गीतकाराच्या दारात. तो खो खो हसला. "अरे बाबा, शब्द मी केव्हाच विकले. आता छापायचे झाले तर मलाही अर्ज करावा लागेल!"

बटणने शब्द काढून टाकले. अक्का गप्प झाली. चार दिवस भिंतीपलीकडून हूं की चूं नाही. खोटं कशाला सांगू, मला करमेना.

पाचव्या दिवशी अक्काने ट्रंकेतून जुन्या कॅसेटी काढल्या. प्रत्येक डबीत घडी घातलेला कागद, त्यावर गाणी छापलेली, रीतसर विकत घेतलेली. पण गाणं कुठल्या ओळीवर आलंय ते तिला कळेना. बोट मागे, गाणं पुढे. बटण बराच वेळ ते बघत राहिला. मग कॉम्प्युटरसमोर बसला तो संध्याकाळीच उठला.

आता पडद्यावर शब्द नाहीत, नुसते आकडे उजळतात. एक, दोन, तीन. अक्काने कागदावर ओळींना पेन्सिलने तेच आकडे घातलेत. आकडा बदलला की बोट सरकतं आणि भिंत पुन्हा दणाणते.

मी दारातून डोकावून म्हटलं, "काय रे बटणा, हे गाणं की लॉटरीची सोडत? कंपनीने परत पाकीट धाडलं तर?"

अक्काच्या बोटावरची नजर न हलवता तो म्हणाला, "धाडू दे. शब्द त्यांचे. पण तीननंतर चार येतात, हे अजून कुणी विकत घेतलेलं नाही."