रिमोटवाले ठाणेकर

"अहो ठाणेकर, गळा दाबा तिचा! आधी गळा दाबा!"

आमचे सासरे नाना कल्याणच्या घराच्या ओट्यावरून बेंबीच्या देठापासून ओरडत होते. समोरच्या पानवाल्याने खून पडतोय असं समजून दुकानाचं शटर अर्धं ओढून घेतलं. 'ती' म्हणजे ठाणेकरांची गाडी. दसऱ्याचा दिवस, बोनेटवर झेंडूचा हार, चाकांखाली लिंबं, आणि सौभाग्यवती अशी बोंबलत होती की दुर्गाडी किल्ल्यावरची कबुतरं उठली ती थेट खाडीपलीकडे भिवंडीत जाऊन बसली. आधी ॲम्ब्युलन्स, मग पोलिसांची शिट्टी, मग कुणी जिवंत कोंबडी पिळतंय असा आवाज, आणि पुन्हा ॲम्ब्युलन्स. शेजारी हातात पांढरा रुमाल घेऊन ठाणेकर उभे होते, लग्नात अक्षतांची वाट बघत उभे असावेत तसे शांत.

खरं सांगतो, इतका सुंदर आवाज मी आयुष्यात ऐकला नव्हता.

ठाणेकर म्हणजे माझे थोरले साडू. ते ठाण्याला खोपटजवळ राहायचे, मी डोंबिवलीला. नानांनी दोन्ही जावयांची नावं लग्नाच्या मांडवातच विसरून टाकली आणि गावावरून हाका मारायला सुरुवात केली, ती शेवटपर्यंत. देवाने भाऊ दिले भांडायला, शेजारी दिले चौकशीला आणि साडू दिले जळायला. त्यातून माझ्या वाट्याला आला तो ठाणेकरांसारखा, म्हणजे बारा महिने भट्टी पेटलेली. जेवायला आम्ही शेजारी शेजारी बसायचो. त्यांच्या पुरणपोळीवर सासूबाई तूप वाढायच्या तेव्हा उल्हास नदीला पूर यायचा. माझ्यापर्यंत येईतो उन्हाळा सुरू झालेला असायचा.

तो रुमाल ही त्यांची पहिली खोड. कडक इस्त्रीचा, चार घड्यांचा, दुधासारखा पांढरा. तो त्यांनी स्वतःसाठी वापरलेला कुणी पाहिला नाही. घाम आला तर मनगटाने पुसायचे. एकदा मी विचारलंच, "अहो, मग बाळगता कशाला?" तर म्हणाले, "रुमाल वापरायला नसतो, डोंबिवलीकर. द्यायला असतो." आणि खरोखरच, कुणाचं मूल पडो, कुणाचा चहा सांडो, कुणी लग्नात रडो, ठाणेकरांचा रुमाल सगळ्यांच्या आधी पोहोचलेला. माझ्या खिशातही रुमाल असायचा. पण त्याची अवस्था दाखवण्यासारखी नसायची, देणं दूरच.

दुसरी खोड म्हणजे, "आधी साधं बघा." काहीही बंद पडलं की हे तीन शब्द. आमच्याकडे पंखा थांबला, मी मोटर खोलून भुईवर तिचा संसार मांडला, तेवढ्यात हे आले आणि म्हणाले, "आधी साधं बघा, डोंबिवलीकर. बटण कुणी बंद केलंय का?" केलं होतं. माझी बढती अडली तेव्हा साहेबाच्या सात पिढ्यांचा मी उद्धार करत होतो. ठाणेकरांनी बशीतला चहा संपवला आणि विचारलं, "आधी साधं बघा. अर्ज केला होतात?" माझी बायको पदर तोंडाला लावून आत पळाली. त्यानंतर वर्षभर मला आमटीत मीठ कमी लागलं तरी ती म्हणायची, "भाऊजी म्हणतात तसं आधी साधं बघा. घेतलंत का?"

एवढंही मी पचवलं असतं. पण नव्वदच्या दशकाच्या शेवटी शेवटी त्यांनी दुधी रंगाची गाडी घेतली आणि तिला रिमोट बसवून घेतला. आमच्या नात्यागोत्यात रिमोट म्हणजे टीव्हीचा, आणि तोही प्लास्टिकच्या कव्हरात. यांनी ओट्यावर उभं राहून खिशातल्या खिशात बोट दाबलं की रस्त्यापलीकडची गाडी 'टुक टुक' करून डोळे मिचकावायची. अख्खी गल्ली बघायला यायची. नाना तर जेवता जेवता उठून म्हणायचे, "ठाणेकर, एकदा करून दाखवा हो." माझी स्कूटर तिथेच शेजारी उभी असायची. तिला सुरू करायला आधी आडवी करावी लागे, मग बारा लाथा आणि एक शिवी. ते बघायला कुणी उठून आलं नाही.

त्या दसऱ्याला दोन सण एकत्र आले होते. सगळ्यात धाकट्या मेहुणीचा, नंदाचा, साखरपुडा संध्याकाळी डोंबिवलीच्या एका हॉलवर होता. सकाळी सासूबाईंनी शस्त्रपूजन मांडलं. ताटात नानांचं फाउंटन पेन, शिवणाची कात्री, माझ्या स्कूटरची किल्ली आणि मधोमध रिमोटसकट गाडीची किल्ली. सासूबाईंनी माझ्या किल्लीला चिमूटभर कोरडं कुंकू टेकवलं, तेही पुढच्या वस्तूकडे बघत. आणि रिमोटला? हळद, कुंकू, अक्षता, झेंडूचं फूल, आणि वर चमच्याने पंचामृत! दूध, दही, तूप, मध, साखर! मी डोळ्यांनी पाहिलं. माझ्या मनात आलं, अरे, किल्ल्यांमध्येसुद्धा थोरला जावई आणि धाकटा जावई?

चार वाजता आंबिवलीचे व्याही-विहीणबाई नटूनथटून आले. सगळ्यांनी मिळून हॉलवर जायचं ठरलेलं. शालू नेसलेली नंदा ओट्यावर उभी. ठाणेकरांनी बोट दाबलं. टुक नाही की टाक नाही. जवळ जाऊन दाबलं. काही नाही. शेवटी साध्या किल्लीने दार उघडलं, तर गाडीला वाटलं चोर आला, आणि तिने तो टाहो फोडला. इंजिनही सुरू होईना. रिमोटने ओळख दिल्याशिवाय ते सुरू होतच नाही म्हणे. दार लावल्यावर दमून गप्प झाली, पुन्हा उघडलं की पुन्हा टाहो.

गल्ली सल्ले द्यायला लागली. कुणी म्हणे रिमोट आपटा, कुणी म्हणे उन्हात ठेवा, पानवाला म्हणाला, "हनुवटीला लावून दाबा, भाऊ." ठाणेकरांनी हनुवटीला लावूनही दाबलं, सगळ्यांचं मन राखलं. दसऱ्यामुळे रिक्षावाले हार घालून देवीच्या जत्रेला गेलेले. मी संधी साधली. "नाना, मी आहे ना! नंदाला मी स्कूटरवरून नेतो."

"साखरपुड्याची मुलगी स्कूटरवरून?" नाना कडाडले. "घासलेटचा डबा आहे का ती?"

आता नानांची जीभ म्हणजे काय, ते सांगायला हवं. माणूस मनाचा मऊ, पण चूक कुणाची झाली की तिचं लोणचं घालायचे. पूर्वी कधीतरी सासूबाईंनी शिट्टी न लावता कुकर ठेवला होता आणि वरण छताला लागलं होतं. तो प्रसंग नाना दर दिवाळीला, पाहुण्यांसमोर, अभिनयासकट सांगायचे. सगळे हसायचे. सासूबाई ताटं वाढत राहायच्या.

"आधी साधं बघू," ठाणेकर म्हणाले. "रिमोटचा लाल दिवा लागत नाही. म्हणजे गाडी चांगली आहे, बिघाड रिमोटमध्ये आहे." सासूबाईंनीच शिलाई मशीनचा छोटा स्क्रूड्रायव्हर आणून दिला. ठाणेकर कोपऱ्यातल्या बाकावर बसले. "डोंबिवलीकर, जरा हे स्क्रू धरा." मी ओंजळ पुढे केली. मागचं झाकण काढून त्यांनी पाकिटात जपलेला नवा सेल घातला. दिवा नाही. मग त्यांनी रिमोटची दोन टरफलं वेगळी केली, आणि आम्ही दोघंही बघत राहिलो. आत पंचामृत! पितळी पट्ट्यांवर तुपाचा थर, कोपऱ्यात दही, आणि सगळ्यावर लालभडक कुंकू. देवघरातला बाळकृष्ण इतका न्हालेला नसेल.

माझ्या अंगावर आनंदाचा काटा आला. स्कूटरची किल्ली वाचली होती, कारण तिला कुणी विचारलं नव्हतं! तुपाचा एवढा पूर यांच्याच पानात का, त्याचा निकाल त्या दिवशी लागला होता. व्याही समोर, अख्खी गल्ली समोर. मी आरोळी ठोकायला तोंड उघडलं. समोर दारात सासूबाई उभ्या होत्या, पदराचं टोक बोटाला गुंडाळत, आणि त्यांची नजर रिमोटवर होती.

"मूठ मिटा, डोंबिवलीकर," ठाणेकर खाली बघतच म्हणाले. "स्क्रू पडतील."

मी मूठ मिटली. का कोण जाणे, तोंडही मिटलं. ठाणेकरांनी तो पांढरा रुमाल काढला, आयुष्यात पहिल्यांदा स्वतःच्या कामाला, आणि आतलं सगळं हळूच पुसून घेतलं. नानांच्या खोडरबराने पट्ट्या घासल्या. लाल झालेला रुमाल घडी करून खिशात गेला. बोट दाबलं. टुक टुक! गल्लीने टाळ्या वाजवल्या.

"काय झालं होतं हो?" नाना आले.

"सेल गेला होता. माझीच चूक. बदलायला विसरलो."

"ठाणेकर विसरले!" नानांना कुबेराचा हंडा सापडला. "अहो व्याही, ऐकलंत? आधी साधं बघा म्हणणारे आमचे ठाणेकर सेल बदलायला विसरले!"

साखरपुडा वेळेवर झाला. आणि त्या दिवाळीपासून कुकर गेला, सेल आला. नाना गाडीच्या बोंबलण्याची नक्कल करायचे, ठाणेकर सगळ्यांत मोठ्याने हसायचे. मला तर त्याचाही हेवा वाटायचा. तूप त्यांना, रिमोट त्यांना, आता नानांचे टोमणेसुद्धा त्यांनाच! मी काय फक्त वरण खायला जात होतो? पुढच्या दसऱ्याला पूजेच्या ताटात रिमोट होता तो प्लास्टिकच्या पिशवीत, वर रबरबँड, आणि कुंकू पिशवीवर. सासूबाई कुणाकडे बघत नव्हत्या. ठाणेकरांच्या पानात त्या दिवशी तुपाला जो पूर आला त्यात कळवा-मुंब्रा बुडलं असतं.

ठाणेकर गेले त्याला आता बरीच वर्षं झाली. त्या दिवशी रडणाऱ्यांची गर्दी इतकी होती, आणि रुमाल पुढे करणारं कुणी नव्हतं. आता माझ्याकडेही गाडी आहे, रिमोट आहे. तो चालेनासा झाला की मी आधी साधं बघतो, आणि ते बघता बघता माणसाची पुन्हा आग आग होते. इतकं मरणोत्तर जळायला लावणारा साडू कुणाला मिळू नये.

त्या साखरपुड्यावरून परतताना त्यांनी आम्हाला डोंबिवलीत घरापर्यंत सोडलं होतं. मागे दोघी बहिणी डुलक्या घेत होत्या. मी हळूच विचारलं, "ठाणेकर, एवढं सगळं स्वतःवर कशाला घेतलंत? सेलला तर काही झालंच नव्हतं."

त्यांनी गाडी कडेला घेतली, हँडब्रेक ओढला.

"सेलही जुना झाला होता," ते म्हणाले.