दसऱ्याचा अर्ज

लग्न वैशाखात झालं आणि पंधरवड्यात नवरा कॅनडाला परत गेला. तिथली त्याची नोकरी ठराविक मुदतीच्या परवान्यावर. मी सरोजिनी नगरला सासरी राहिले आणि रोज कंपनीच्या बसने अख्खं लखनौ ओलांडून चिनहटच्या बिस्किट कारखान्यातल्या लॅबमध्ये जात राहिले. कॅनडाला जायचं होतंच, पण माझी एक अट होती: तिथे मला काम करता आलं पाहिजे. दिवसभर घरात बसून नवऱ्याची वाट बघणं माझ्याच्यानं होणार नाही, हे मी त्याला साखरपुड्याआधीच सांगितलं होतं.

ही अट पुरी होते की नाही, ते मात्र कुणालाच धड माहीत नव्हतं. पूर्वी मुलांनाही कामाचा परवाना मिळायचा म्हणे, आता नाही. बायकोला मिळतो, पण सगळ्यांच्या बायकोला नाही. नवऱ्याचं काम कुठल्या दर्जाचं, ते बघतात. ते एकदाचं नियमात बसलं, तर खाली आणखी अटी. कॅनडा सरकारच्या वेबसाइटवरचं ते इंग्रजी पान मी इतक्यांदा वाचलं की शेवटी आपण त्याची बायको आहोत की नाही, अशीच शंका यायला लागली.

आणि अर्ज भरायचा राहतच होता. सासूबाई म्हणाल्या, “पहिली मंगळागौर आहे, ती होऊ दे. नाहीतर पासपोर्ट पाठवलास की लगेच बोलावतील.” मंगळागौर झाली. लांबलांबच्या मराठी बायका जमल्या, फुगड्या झाल्या, मला मजाही आली. मग घरच्या गौरी आल्या. त्या उठल्या आणि पितृपक्ष लागला. पितृपक्षात आमच्या घरी साधी कढई विकत घेत नाहीत, तिथे परदेशाचा अर्ज कोण भरणार! नवरा घरात सगळ्यांशी, आईशीही, हिंदीतच बोलतो. तो मला फोनवर म्हणाला, “अरे यार, दशहरे पे भर देंगे. इतनी क्या जल्दी है?”

दसऱ्याला आम्ही दोघी व्हिसाचं काम करणाऱ्या सल्लागाराकडे गेलो. इथे आपटा मिळत नाही, म्हणून सासूबाईंनी तशाच दिसणाऱ्या कचनारची पानं घेतली होती. त्यातलं एक त्यालाही सोनं म्हणून दिलं. त्याने ते अदबीने टेबलावर ठेवलं आणि नवऱ्याच्या परवान्याची तारीख पाहिली.

“मैडम, देर हो गई. अर्ज़ी के दिन इनके परमिट की जितनी मियाद बाक़ी होनी चाहिए, उतनी अब नहीं है. सावन में आ जातीं तो हो जाता.”

“तो मैं जा ही नहीं सकती?”

“जा सकती हैं, रह भी सकती हैं. बस काम नहीं कर सकतीं. उनका परमिट बढ़ जाए, फिर देखिएगा.”

कधी वाढेल? त्याला माहीत नव्हतं. नवऱ्यालाही नव्हतं. “तू आ तो जा,” तो फोनवर म्हणाला, “बाद में देख लेंगे.”

मी भयंकर चिडले होते, पण कुणावर, तेच कळेना. नवऱ्यावर? सासूबाईंवर? की गौरींवर? ऑटोत सासूबाई पानांची पिशवी मांडीवर धरून बसल्या होत्या.

घरी आल्यावर चपला न काढताच म्हणाल्या, “मी अमरावतीला शाळेत शिकवायचे. यांची इकडे बदली झाली, तेव्हा मीही म्हटलं, आधी जाऊ, मग बघू. मला तर कुणाचा परवानाही लागत नव्हता.”

मला हे कुणीच कधी सांगितलं नव्हतं. विमानतळ जवळच; वरून विमान उतरत होतं, त्याचा आवाज ओसरेपर्यंत दोघींना थांबावं लागलं.

“मग?” मी विचारलं.

“मग काय, बघायचं राहूनच गेलं.” त्यांनी पिशवी खुंटीला अडकवली. “त्याला सांग, कामाचा परवाना आला की येते.”

“आई, तो चिडेल.”

“चिडू दे. त्याच्याशी मी बोलते.”

मी कधी जाणार, जाणार की नाही, मला अजूनही माहीत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मी पलंगावर तशीच बसून होते. सासूबाई आत आल्या, भरलेला डबा माझ्या मांडीवर ठेवला आणि म्हणाल्या, “ऊठ. बस चुकेल.”